काचेत पाणी दिसत नाही

'काचेत पाणी दिसत नाही. बॉयलर चालू आहे. काय करू? लवकर सांगा.'

बॉयलर चालवणाऱ्यांच्या त्या ऑनलाइन गटात सकाळपासून नुसता शिमगा चालला होता. विषय एकच, बायकांना बॉयलरवर घ्यावं की घेऊ नये. त्या गदारोळात हा निरोप येऊन पडला. लिहिणाऱ्याचं नाव 'नवशिका'. हे नाव गटात कुणी पूर्वी पाहिलं नव्हतं, पण त्यात नवल नव्हतं. तिथे वाटेल ते टोपणनाव टाकून कुणालाही लिहिता येई.

इस्पितळाच्या धुलाईघरामागच्या खोलीत गटातली 'बॉयलरवाली' आपल्या बॉयलरसमोर स्टुलावर बसली होती. निरोप वाचताच तिने फोन जवळ ओढला. बॉयलर पेटलेला आणि आतल्या पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचेच्या नळीत पाणी नाही, म्हणजे आत काय चाललं असेल ते तिला न बघताच दिसत होतं.

तिने भराभर लिहिलं, 'लाकूड घालणं थांबव. भट्टीला हवा देणारा पंखा बंद कर. पाण्याच्या पंपाला अजिबात हात लावू नकोस. कुठलाही व्हॉल्व्ह फिरवू नकोस. सगळ्यांना लांब काढ आणि तूही नीघ.'

उत्तर आलं, पण नवशिक्याचं नाही. भट्टीसम्राटाचं.

हा गडी गटातलं जुनं खोड. वीस वर्षं भट्टीपुढे काढल्याचं तो दर दोन दिवसांनी सांगे, आणि सकाळचं भांडणही त्यानेच उकरून काढलं होतं.

'झालं! बाईंनी हात वर केले. पाणी नाही तर पंप चालू करायचा, हे शेंबडं पोरही सांगेल. आपला तर हात आधी स्विचवर जातो. बायकांना सर्टिफिकेटं वाटली की हे असं होतं.'

बॉयलरवालीच्या अंगाची लाही लाही झाली. भट्टीसम्राटाच्या वीस वर्षांची पार सालं काढणारं उत्तर तिने लिहिलंही. बोट पाठवण्याच्या खुणेवर गेलं आणि थांबलं. तो नवशिका हे सगळं वाचत असणार. त्याला या घटकेला भांडण नको होतं.

तिने लिहिलेलं पुसलं.

'तुमची शंका रास्त आहे,' तिने लिहिलं. 'पाणी नाही म्हटल्यावर पाणी सोडावंसं कुणालाही वाटेल. पण आतला पत्रा आता तापलेल्या तव्यासारखा झाला असेल. त्यावर गार पाणी पडलं की क्षणात त्याची वाफ होईल. तिला जायला जागा नाही, ती भिंती घेऊन जाईल. नवशिक्या, पंप बंद आहे ना?'

पाठवून ती पडद्याकडे डोळे लावून बसली.

धुलाईघरातली मावशी टॉवेलांची गाडी ढकलत आली आणि बॉयलरवालीच्या खांद्यावरून वाचू लागली.

"अगं, कोण हा मेला? हाकलून दे की त्याला!"

"थांब मावशी."

तेवढ्यात गट सांभाळणाऱ्या काकांनी तिला वेगळं लिहिलं, 'या सम्राटाला बाहेर काढू का? उगाच गोंधळ घालतोय.'

तिला मनापासून हो म्हणायचं होतं. तिने लिहिलं, 'नको काका. तो जे विचारतोय तेच त्या पोराच्या मनात असेल. उत्तर देऊ द्या मला.'

"तुझं डोकं फिरलंय," मावशी म्हणाली. पण ती गाडी सोडून तिथेच उभी राहिली.

भट्टीसम्राट पुन्हा आला. 'मान्य, तवा तापलाय. पण भट्टी बंद केली की सगळा माल वाया. मालकाला तोंड कोण देणार? तुमचं घर नवऱ्याच्या पगारावर चालत असेल. ज्याच्या घरी चार खाणारी तोंडं आहेत त्याने काय करायचं? आणि बाईचं ऐकून बंद केली म्हटल्यावर लोक शेण घालतील तोंडात.'

तिचं घर तिच्याच पगारावर चालत होतं. नवऱ्याचा कारखाना बंद पडला तेव्हापासून. हे वाक्य तिच्या बोटांशी आलं होतं.

"सांग ना त्याला!" मावशी म्हणाली. "सांग तुझ्या घरी कोण कमावतं ते!"

"माझं मी मग सांगेन. तिकडे माणूस मरायला टेकलाय."

तिने लिहिलं, 'नोकरीची भीती खोटी नाही. मलाही वाटते. म्हणून माझा फोन नंबर देते. मालकाशी मी बोलते. त्यांना सांगायचं, सर्टिफिकेटवाल्या ऑपरेटरने बंद करायला लावलं. बाई घाबरली म्हणा, बाईला काही कळत नाही म्हणा, सगळं माझ्यावर ढकला. फक्त पंप चालू करू नका. बाहेर पडा आणि मग मला हवं तेवढं बोला.'

खाली तिने नंबर घातला.

सकाळपासून तावातावाने लिहिणारे सगळे मूग गिळून बसले. भट्टीसम्राटही काही बोलेना.

"नवशिक्या, आहेस ना रे?" ती पडद्याकडे बघत पुटपुटली. मग तेच लिहून पाठवलं.

तिने पडदा पुन्हा पुन्हा खाली-वर सरकवला.

मावशीने तिचा दंड घट्ट धरला होता. बॉयलरवालीने सवयीने आपल्या काचेकडे पाहिलं. पाणी जिथल्या तिथे होतं. आपण पंपाचं सगळ्यात आधी सांगायला हवं होतं का? त्याने ते वाचायच्या आधीच बटण दाबलं असेल का? तिने काकांना लिहायला घेतलं की कुणी त्याचा पत्ता शोधा, आणि तेवढ्यात फोन थरथरला.

'ताई, बाहेर आलो. सगळ्यांना बाहेर काढलं. पंखा बंद केलाय. हात पंपाच्या बटणावरच होता, तुमचं वाचून मागे घेतला. बायको-पोरांचं तोंड दिसेल आता.'

"वाचलं गं बाई ते पोर!" मावशी ओरडली आणि तिने डोळ्यांना पदर लावला.

बॉयलरवालीचेही डोळे भरून आले होते. तिने ते पुसले, निरोप पुन्हा एकदा वाचायला वर सरकवला, आणि मग तिला त्यावरचं नाव दिसलं. घाईत बदलायचं राहून गेलेलं.

भट्टीसम्राट.