जेलीचा ठोकळा

धाकट्या दिराने प्रयोगशाळेत सोनोग्राफीचा नवा प्रोब बनवला, तेव्हा तो तपासायला वहिनीलाच बोलावलं. तिची उभी हयात सोनोग्राफीच्या खोलीत गेली होती.

टेबलावर माणसाच्या पोटाऐवजी जेलीचा ठोकळा होता, त्यात एक नायलॉनचा दोरा ओवलेला. वहिनीने प्रोब टेकवला. पडद्यावर दोरा लख्ख दिसला. मग तो सावकाश वर आला आणि सावकाश खाली गेला.

"वहिनी, हात हलतोय तुमचा," दीर हसला. "वय झालं!"

"वय तुमच्या टेबलाचं झालंय, भाऊजी."

तिने प्रोब स्टँडला अडकवला आणि हात काढून ठोकळ्याशेजारी ठेवला. दोरा वर आला, खाली गेला.

चित्र हललं की रोज तोंडातून जे निघायचं, तेच सवयीने निघालं.

"श्वास रोखा."

दोरा थांबला.

दिराचं हसू मावळलं. बराच वेळ दोरा जागचा हलला नाही. मग तो बारीक थरथरू लागला. दम कोंडलेल्या पेशंटचं चित्र असंच थरथरतं, हे तिला ठाऊक होतं.

"वहिनी," दीर कुजबुजला, "सोडा म्हणा ना त्याला."

"सोडा," ती म्हणाली.

तिच्या मनगटावर उबदार फुंकर आली.