चपाती-भाजी केंद्र

“आज कितवे आहोत गं?” कणकेतला हात न काढताच शालनबाईंनी लेकीला विचारलं.

“तिसऱ्या पानावर,” पायल म्हणाली.

“परवा दुसऱ्यावर होतो ना?”

“होतो.”

शालनबाईंना गूगलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. पण डोंबिवलीत पोळी-भाजी शोधणाऱ्याला आपलं नाव वर दिसलं की फोन वाजतो आणि खाली गेलं की वाजत नाही, एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं. आणि हल्ली फोन मेला गप्पच असायचा. जुनी गिऱ्हाइकं कुणी मुलाकडे पुण्याला गेली, कुणी कायमची गेली. नवी येतात ती फोनवर शोधून. ठाकुर्लीच्या टॉवरांतली दोघंही नोकरी करणारी जोडपी, भाड्याने राहणारी पोरं. ती काय पाटी वाचत रस्त्याने थोडीच फिरतात!

पायल घोडबंदर रोडवरच्या एका ऑफिसात हेच काम करायची. लोकांच्या वेबसाइट गूगलमध्ये वर चढवायच्या. फर्निचरवाले, दातांचे डॉक्टर, लग्नाचे हॉल, सगळ्यांना तिने पहिल्या पानावर नेऊन बसवलं होतं. आईचं केंद्रही तिनेच नेलं होतं. आता ते घसरत होतं आणि ती रोज लॅपटॉप उघडून ते बघत होती. वाईट वाटायला हवं होतं. वाटत नव्हतं. हल्ली तिला कशाचंच काही वाटायचं नाही. चहा गार झाला तर गारच पिऊन टाकायची.

“जगाचं भलं करतेस बाई,” लाटता लाटता केशरबाई म्हणाल्या. त्या पहिल्यापासून शालनबाईंच्या जोडीला होत्या, त्यामुळे बोलायचा हक्क त्यांचाच. “आईच्या वेळेलाच कसा गं तुझा कॉम्प्युटर आजारी पडतो?”

पायल पाणी प्यायली आणि तिने डबा भरायला घेतला.

उन्हाळ्यात तिने वेबसाइट नवी करून दिली, तेव्हा शालनबाई किती हरखल्या होत्या. जिथे जिथे ‘पोळी’ होतं तिथे पायलने ‘चपाती’ केलं होतं. शालन चपाती-भाजी केंद्र! त्यांच्या घरात पुरणाची असेल तरच ती पोळी, बाकी सगळी चपाती. पण केंद्र काढलं तेव्हा पायलचे बाबा, धोंडिबा, म्हणाले होते, “इकडची माणसं पोळी म्हणतात. पाटीवर पोळीच लिही. उगाच आडनाव विचारत बसतील.” शालनबाईंनी मुकाट्याने लिहिलं. धोंडिबा गेले, पाटी तशीच राहिली.

“आता कसं आपलं वाटतं,” फोनवर नवं नाव बघून त्या म्हणाल्या आणि पदराने डोळे पुसले. मग बिल्डिंगभर फोन नाचवून आल्या.

त्याच सुमाराला ठाण्याच्या डॉक्टरांनी त्यांचं हृदय तपासलं होतं. “बाई, आचेसमोर उभं राहणं आजपासून बंद. याला आता तेवढं झेपणार नाही.”

शालनबाई चक्क हसल्या. “दारात आलेल्याला उपाशी कसं पाठवू डॉक्टर? फोन वाजतोय तोवर माझा तवा तापणार.”

पायलने समजावलं, भांडून पाहिलं, अबोला धरला, शेवटी पाया पडली. घर तिच्या पगारावर नीट चालत होतं. पण शालनबाई कसल्या ऐकतात! केंद्र बंद करून दिवसभर भिंती बघू का, म्हणाल्या. संध्याकाळी पायांवर सूज यायची, ती साडीखाली झाकून बसायच्या.

आताही त्यांनी गोळे करता करता ठरवून टाकलं. “दिवाळीपर्यंत बघते. नाहीच जमलं तर शटर खाली. पण त्याआधी तुझ्या ऑफिसातल्या त्या विनीत सरांना बोलाव. एकदा जाणत्या माणसाला दाखवू तरी.”

पायलने टाळलं. सर मीटिंगमध्ये आहेत, सर सुट्टीवर आहेत. शेवटी शालनबाईंनी तिच्याच फोनवरून विनीतला परस्पर जेवायला बोलावलं. हे पायलला तो रविवारी दारात उभा राहिला तेव्हा कळलं.

“काकू, काय पोळ्या झाल्यात!” विनीत जेवता जेवता म्हणाला.

“पोळ्या नाही हो सर, चपात्या,” शालनबाईंनी ठसक्यात सुधारलं. “आमच्यात चपातीच म्हणतात. वेबसाइटवर पण तेच आहे, बघा की.” आणि त्याच्यासाठी आणखी गरम आणायला आत वळल्या.

विनीतने हात धुतले, लॅपटॉप पुढे ओढला. थोडं खालीवर केलं आणि कपाळावर हात मारला.

“पायल, वेडी आहेस का? डोंबिवलीत चपाती-भाजी केंद्र कोण शोधतं? सगळे पोळी-भाजीच टाकतात. हे तर आपण नवीन पोरांना पहिल्या दिवशी शिकवतो! पोळी कर परत. महिन्याभरात वर येशील.”

पायलने स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं.

“काय सर, सापडली का चूक?” आतून शालनबाईंचा आवाज आला. वाक्य तिथेच थांबलं, त्यांनी दम घेतला. “पोरगी बिचारी रोज डोळे फोडते हो त्याच्यावर.”

विनीतने उत्तर द्यायला तोंड उघडलं. पायलने लॅपटॉप मिटला.

“नाही सापडली म्हणून सांगा,” ती हळूच म्हणाली. “वेबसाइट मीच खाली उतरवलीये.”