टेकडीवरचं शेवटचं लॉक

"ए, हळू! सगळा चहा सांडला माझा." काठाला बांधलेल्या बोटीतून एक दाढीवाला डोकं बाहेर काढून ओरडला. "एवढी घाई असेल तर रस्त्यानं जा की."

"बोंबलत बस," सुकाणूवरचा क्लाइव्ह म्हणाला आणि त्यानं वेग तसाच ठेवला.

कालव्यात बांधलेल्या बोटीजवळून जाताना हळू जायचं, हे इथं शेंबड्या पोरालाही कळतं. क्लाइव्हला ते बापानंच शिकवलं होतं. तोच बाप, एनॉक, आज बोटीच्या पुढच्या टोकाला ब्लँकेटमध्ये निजला होता. संध्याकाळ काढली तर नशीब, असं डॉक्टर म्हणाले होते. एनॉकचा जन्म टेकडीवरच्या शेवटच्या लॉकपाशी, कोळशाच्या बोटीत झाला होता. मरायचं तर तिथंच आणि जायचं तर पाण्यानंच, एवढा एकच हट्ट त्यानं धरला होता.

वाटेत लॉक पाच होती, म्हणजे बोट टेकडीवर चढवणारे दोन दारांचे हौद. पुढे कुणाची तरी बोट वर गेली होती, त्यामुळे प्रत्येक लॉक पाण्यानं भरलेलं. हँडल फिरवून ते रिकामं करा, दार ढकला, बोट आत घ्या, पुन्हा भरा, तेव्हा कुठे एक पायरी वर. एकट्या माणसाला अर्धा तास. ऊन छान पडलं होतं, मेंढ्या चरत होत्या, माणसं गवतात सँडविच खात बसली होती. क्लाइव्हला त्या सगळ्यांचा संताप आला. दोन लॉक होईपर्यंत एनॉकचे ओठ निळे पडले.

"बाबा, ऐकताय ना?"

एनॉक नुसता श्वास घेत होता, तोही मोजून मापून.

तेवढ्यात दाढीवाला काठावरून सायकल हाणत पुढे गेला. कमरेला लॉकचं हँडल खोचलेलं. आता हा वर जाऊन तक्रार करणार, मग कुणीतरी आपल्याला अडवून नियम शिकवणार. क्लाइव्ह रडकुंडीला आला.

तिसरं लॉक रिकामं होतं. दार सताड उघडं. वरून एखादी बोट आली असेल म्हणावं, तर वाटेत एकही भेटली नव्हती. चौथंही उघडंच होतं.

पाचव्याच्या दाराशी दाढीवाला उभा होता, घामानं निथळलेला. बोट आत येताच त्यानं दार लावलं, पाणी सोडलं. बोट हळूहळू वर आली. काठ दिसू लागला तसे एनॉकनं डोळे उघडले.

"आलो का रे?"

"आलो, बाबा."

क्लाइव्हला दाढीवाल्याकडे बघवेना. "मी तुम्हाला भलतंच बोललो. पण तुम्हाला कळलं कसं?"

"ब्लँकेट दिसलं," दाढीवाला म्हणाला. "गेल्या वर्षी मी आईला असंच तिच्या गावी नेत होतो. प्रत्येक बोटीपाशी वेग कमी केला, प्रत्येकाला हात केला. ती एक लॉक आधी गेली."