दुसरी खुर्ची

रुग्णालयाच्या मदतीसाठी ठेवलेला कार्यक्रम संपला आणि फाटकापाशीच चाहत्यांची तोंडं सुटली. "नऊ मिनिटांत उठला!" "त्यातही मधे मधे विसरत होता." मोठ्या भावाच्या जोडीनंच वाजवत आलेला व्हायोलिनवाला, भाऊ वारल्यानंतर, पहिल्यांदाच एकटा बसला होता, शेजारी दुसरी खुर्ची मात्र मांडलेली होती. गर्दीत बायकोबरोबर आलेल्या एका शिंप्याला राहवेना. "विसरेल कसला? मोठ्याची पाळी आली की थांबत होता," तो बायकोला म्हणाला. "काहीतरीच तुमचं!" वीस वर्षं शिलाई मारताना त्या भावांच्या तबकड्या ऐकून पाठ झालेली धून त्यानं शिट्टीवर घेतली: धाकट्याची ओळ, तो थांबला तिथं मोठ्याची, पुन्हा धाकट्याची. कुरकुरणारे मागे वळून ऐकू लागले. बायकोनं नवऱ्याचं मनगट घट्ट धरलं. तेवढ्यात मागून खांद्यावर हात पडला. काखेत व्हायोलिनची पेटी धरून धाकटा उभा होता. "जरा सावकाश," तो म्हणाला. "दादा इथं रेंगाळायचा."