मांडीवरचं कुत्रं

कुत्री धुण्याचा धंदा करणारीला किळस परवडत नाही. पण आईमागे जिने तिला वाढवलं, त्या ताईच्या कुत्र्याने तिलाही ओकारी आणली. सकाळी रगडून धुतलेलं ते वीतभर कुत्रं संध्याकाळी पुन्हा पिसवांनी वळवळत होतं. गाद्या फेकल्या, पडदे उकळले, तरी काडीचा फरक नाही.

तिने ते पुन्हा धुतलं, पुसलं आणि रागारागाने ताईच्या मांडीवर ठेवलं.

"ताई, ही जात मुळात कशाला काढली, माहीत आहे? बड्या घरच्या बायका मांडीवर घेऊन बसायच्या. आपल्या अंगावरच्या पिसवा त्याच्या अंगावर जाव्यात म्हणून. अत्तर बाईसाहेबांना आणि घाण मुक्या जिवाला!"

"म्हणजे पिसवा माझ्या होय? जीभ आवर, भवाने!" ताई खो खो हसली.

तेवढ्यात ताईच्या बाहीतून पिसवा निघाल्या. मग गळ्याखालून, केसांतून, लगबगीने, सगळ्या कुत्र्याकडे. ते बिचारं थरथरत बसून होतं. असं तिने एकदाच पाहिलं होतं, धुताना टबातच एक म्हातारा कुत्रा मेला तेव्हा. अंग गार पडलं की पिसवा ऊब शोधत निघतात.

तिने ताईचा हात धरला आणि झटकन सोडला. तो फरशीसारखा गार लागला.

"अशी काय बघतेस गं?" ताई अजून हसतच होती. तिच्या उघड्या बुबुळावरून एक पिसू सावकाश चालत गेली, आणि ताईची पापणी लवली नाही.