सुकी जागा

योगिनीने काच पुन्हा उजेडात धरली. मळकट. आजची ही चौथी.

कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या त्या इवल्याशा काचेचा सोलर सेल व्हायचा होता. तिच्यावरचा पेरोव्स्काइटचा, म्हणजे उजेड शोषून वीज करणाऱ्या स्फटिकांचा थर आरशासारखा काळा, चकचकीत यायला हवा. गेल्या मंगळवारी तसा आला होता, एकदाच. मीटरने सोळा टक्के कार्यक्षमता दाखवली तेव्हा सर खुर्चीतून उठलेच होते.

उद्या सर तेच पुन्हा बघणार होते. जमलं तर फेलोशिप पुढे चालू, नाहीतर बाडबिस्तरा गुंडाळून पूर्णगडला, घरी.

थर सुकताना त्याला ओल चालत नाही, हे ती पाठ करून बसलेली. आणि आषाढात रत्नागिरीत काडेपेटीसुद्धा धड पेटत नाही. म्हणून तर ही काचेची बंद पेटी आणि आत ओल पिणारे निळे मणी. ते तिने रोज भाजून भाजून ठेवले होते. पेटी याहून कोरडी होणं शक्य नव्हतं. तरी सेल सहा टक्क्यांपुढे हलायला तयार नाहीत.

तिने वही उघडली. मंगळवार. पेटीतली आर्द्रता पस्तीस टक्के, एरवीपेक्षा कितीतरी जास्त; मणी गुलाबी. म्हणजे ओल पिऊन तट्ट. पुढे तिच्याच अक्षरात: ‘आर्द्रतेचं यंत्र बिघडलं असावं.’

“मावशी, मंगळवारी या पेटीला कोणी हात लावलेला?”

यमुनाबाईंचं फरशी पुसणं थांबलं.

“रागावू नको हां गो ताई. सोमवारी जाताना फणसाचे पापड ठेवलेले मी आत. पार सादळलेले. म्हटलं, अख्ख्या रत्नागिरीत सुकी जागा ती एवढीच. सकाळी तू यायच्या आत काढले, देवाशप्पथ!”

म्हणजे मणी प्यायले ती ओल पापडांची! योगिनीने पेटीकडे पाहिलं. मग वहीकडे. ‘यंत्र बिघडलं’ तिने खोडलं. त्या जागी लिहिलं: ‘ओल होती, तरी सोळा?’

“किती होते?”

“असतील दोन डझन. का गो? माझ्यापायी बिघडलं काय काही?”

“तेच कळत नाहीये, मावशी. आज संध्याकाळी पुन्हा ठेवाल? तेवढेच?”

यमुनाबाईंचा जीव भांड्यात पडला. “त्यात काय! चुलीवर धरून ठेवलेत, चांगले कडक झालेत. तेच आणते.”

“ते नको,” योगिनी घाईघाईने म्हणाली. “सादळलेलेच आणा.”