पहिल्या पानावर कुसुमताई

गाठ साधी निघाली, असं डॉक्टर म्हणाले आणि मार्तंडरावांच्या मनात पहिला विचार आला तो पिशवीतल्या सहा पानांचा. आता त्यांचं काय करायचं? बायकोचा विचार दुसरा यावा, याची त्यांना लाज वाटली. पण आला तो दुसराच.

अकरा दिवस ते वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून होते. बसल्या बसल्या लिहीत होते, कारण जीव घाबरला की त्यांना दुसरं काही सुचत नसे. नोकरी पाटबंधारे खात्यात झाली, पण जन्म लिहिण्यासाठीच आहे यावर त्यांनी कधी शंका घेतली नाही. तीस वर्षं कथा पाठवल्या, तीस वर्षं त्या परत आल्या. मनीषनगरात त्यांचं लिखाण चालायचं ते फक्त स्मशानघाटावर. कुणी गेलं की शोकसभेत वाचायचा कागद मार्तंडरावांनी लिहून द्यायचा. मनमिळाऊ, कष्टाळू, हसतमुख. नाव बदललं की काम झालं.

बाकावर मात्र तसं झालं नाही. कुसुमताई यातून उठत नाहीत, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. त्या गेल्या असं धरूनच त्यांनी पहिलं वाक्य लिहिलं, आणि मग हात थांबेना. नवरा लिहायला बसला की कुसुमताई मिक्सर उचलून शेजारच्या रुखमाबाईंकडे न्यायच्या आणि चटणी तिथे वाटून आणायच्या. परत आलेलं पाकीट त्याच आधी फोडायच्या. आतली पानं दोन दिवस गादीखाली ठेवून सरळ करायच्या, पुन्हा कुठे पाठवता यावीत म्हणून. इतक्या वर्षांत डोळ्यांपुढे असून न पाहिलेलं सगळं त्या सहा पानांत उतरलं. लिहिता लिहिता मार्तंडराव रडले. असं आपण आजवर काही लिहिलं नाही, हेही त्यांना रडतानाच कळलं.

एक गोष्ट तेवढी त्यांनी लिहिली नाही. फार मागे कळमेश्वरचे एक लेखक घरी जेवायला आले होते. कुसुमताई गरम पोळी वाढून आत गेल्या तेव्हा पाहुणे म्हणाले, पोळ्यावाली चांगली मिळाली तुम्हाले. मार्तंडराव आपली कथा वाचून दाखवत होते. वाचन मोडायला नको म्हणून त्यांनी नुसती मान डोलावली. आत पोळपाटाचा आवाज जरा वेळ थांबला आणि पुन्हा सुरू झाला.

घरी आल्यावर कुसुमताईंनी विचारलं, तिथं बाकावर बसून काय लिहून राहिले होते. घाटावरचा कागद, असं मार्तंडरावांनी सांगितलं. कुणाचा, हे कुसुमताईंनी विचारलं नाही.

पानं फाडायला हवी होती. फाडवेनात. मग मार्तंडरावांनी त्यात कुसुमताईंना बरं करून पाहिलं. तीन वेळा बरं केलं आणि तिन्ही वेळा लिखाण घाटावरच्या कागदासारखं झालं. शेवटी होतं तसंच त्यांनी ते एका दिवाळी अंकाला पाठवून दिलं. वर 'कथा' असं लिहायचं विसरलो, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली.

गणपतीत संपादकांचा फोन आला. आनंदराव त्यांचं नाव. एवढ्या वर्षांत कुठल्या संपादकाने फोन केला नव्हता.

"मार्तंडराव, कधी झालं हे? आम्हाले पत्ताच नाही."

मार्तंडराव बाल्कनीत उभे होते. आत कुसुमताई मेथी निवडत होत्या. ही कथा आहे, बायको समोर बसली आहे, एवढंच सांगायचं होतं. आनंदराव बोलतच होते. कथांचा तर आमच्याकडे ढीग पडला आहे, पण हे खरं आहे, म्हणून अंकाची सुरुवात याच्यानेच करू, अगदी पहिल्या पानापासून, असं त्यांचं म्हणणं होतं. फक्त महिना सांगा, फोटोखाली घालायचा आहे. मेथीच्या काड्या सुपात पडत होत्या.

"श्रावणात," ते म्हणाले.

त्यानंतर त्यांना काही खोटं बोलावं लागलं नाही, फोटो तेवढा द्यावा लागला. पुतणीच्या लग्नातला दिला. त्यात कुसुमताई हसत होत्या. आपल्या नातेवाइकांत दिवाळी अंक वाचणारं कुणी नाही, याचं मार्तंडरावांना जन्मभर दुःख होतं. आता त्याचाच आधार वाटू लागला. अंक मी स्वतः येऊन नेतो, असंही त्यांनी बजावलं होतं. पण एवढ्या दुःखात माणसाला खेप कशाला घालायला लावायची, म्हणून आनंदरावांनी तो कुरिअरने घरी पाठवला.

धनत्रयोदशीच्या सकाळी मार्तंडराव दूध आणायला खाली उतरले. फोन चार्जिंगला लावलेला होता. गप्पांत अर्धा तास गेला. परतले तेव्हा टेबलावर फोडलेलं पाकीट होतं. ओट्यावर अंक होता, लेखाचं शेवटचं पान उघडं, तळाशी मार्तंडरावांचा फोन नंबर छापलेला, कडेला कणकेच्या बोटांचे ठसे. तव्यावर पोळी होती. कुसुमताईंच्या कानाला मार्तंडरावांचा फोन होता.

मार्तंडराव दुधाची पिशवी धरून दारातच उभे राहिले. कुसुमताईंनी त्यांच्याकडे पाहिलं, पोळी उलटली आणि फोनवरच्या माणसाला शांतपणे सांगितलं,

"हो जी, गेल्या त्या. श्रावणातच गेल्या... मी? मी पोळ्यावाली."